आधी उत्तर, मग प्रश्न



अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर घोडेगाव लागते. नेवासे तालुक्यातले हे गाव. शनिशिंगणापूरला जाणारे पुष्कळ लोक येथूनच वळतात. पण आसपासच्या शेतकऱ्याला घोडेगाव ठाऊक असते ते कांद्याच्या बाजारासाठी. लिलावाच्या दिवशी गोण्यांच्या थप्प्या लागतात, भाव पुकारले जातात आणि मग शेतकऱ्याच्या हातात एक कागद पडतो. त्याला आपण पट्टी म्हणतो. वजन किती भरले, कोणत्या प्रतीला काय भाव मिळाला, हमाली-तोलाईचे किती वजा झाले आणि हाती किती रुपये आले, हे सारे त्या कागदावर असते. चार-पाच महिन्यांच्या कष्टांचा तो हिशेब असतो.

गेल्या हंगामात या पट्ट्यांचा हिशेब ठेवणारी एक छोटीशी आज्ञावली, म्हणजे संगणकाचा प्रोग्रॅम, मी हौस म्हणून तयार केली. खरे म्हणजे ‘मी केली’ असे म्हणणे कितपत बरोबर आहे, याच प्रश्नावर आज मला तुमच्याशी बोलायचे आहे. कारण त्या आज्ञावलीतली एकही ओळ मी सुरुवातीला लिहिली नव्हती. मला काय हवे ते मी साध्या मराठीत टंकून सांगितले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनीसाने अर्ध्या मिनिटात आज्ञावली माझ्यापुढे ठेवली.

असे मदतनीस आता पुष्कळ आहेत. जून २०२१ मध्ये ‘गिटहब कोपायलट’ हा मदतनीस काही निवडक लोकांना वापरून पाहण्यासाठी मिळाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ आले आणि आज्ञावली लिहून मागणे कोणालाही शक्य झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रे कारपथी या संगणकतज्ज्ञांनी या पद्धतीला ‘व्हाइब कोडिंग’ असे गमतीचे नाव दिले. लिहिलेल्या ओळींकडे पाहायचेच नाही. यंत्राला सांगत राहायचे आणि चालते आहे ना एवढेच बघायचे, अशी ही रीत. सुट्टीच्या दिवशी करायच्या, वापरून टाकून द्यायच्या कामांपुरती ती वाईट नाही, असे त्यांचे तेव्हाचे म्हणणे होते.

तुमच्यापैकी अनेकांनी हे मदतनीस वापरले असतील. कोणी खेळ केला असेल, कोणी शाळेचे वेळापत्रक. ‘हे वापरू नका’ असे मी मुळीच सांगणार नाही. उलट हौसेची आज्ञावली हीच अशा प्रयोगाची योग्य जागा आहे, असे माझे मत आहे. मात्र त्याला प्रयोग म्हणायचे असेल, तर प्रयोगाचे नियमही पाळले पाहिजेत. ते नियम मला कसे सुचले, ते आधी सांगतो.

बारा क्विंटल पाच किलो

आमच्या घरच्या वहीत वजन लिहिण्याची जुनी रीत आहे. १२ क्विंटल ३५ किलो असेल तर ‘१२-३५’ असे लिहायचे. मी मदतनीसाला सांगितले, ‘वहीतले वजन आणि क्विंटलचा भाव दिला की रक्कम सांगणारी आज्ञावली हवी. वजन १२-३५ असे लिहिलेले असते.’ आज्ञावली आली. मी वजन १२-३५ आणि भाव १,६०० रुपये घातला. उत्तर आले १९,७६० रुपये. कागदावर करून पाहिले. १२.३५ गुणिले १,६०० म्हणजे १९,७६०. अगदी बरोबर! मी खूश झालो आणि वहीतल्या जुन्या पट्ट्या एकामागून एक भरू लागलो.

तीन-चार दिवसांनी एका पट्टीपाशी अडलो. वजन होते १२-५, म्हणजे १२ क्विंटल ५ किलो. भाव तोच, १,६००. आज्ञावलीने रक्कम सांगितली २०,००० रुपये. व्यापाऱ्याच्या पट्टीवर मात्र होते १९,२८० रुपये. तब्बल ७२० रुपयांचा फरक!

खरे सांगतो, पहिला विचार मनात आला तो व्यापाऱ्याने फसवले असेल हाच. यंत्र कसे चुकेल? पट्टी घेऊन जाब विचारायला निघावे असेही क्षणभर वाटले. सुदैवाने आधी पेन्सिल हातात घेतली. पाच किलो म्हणजे क्विंटलचा शंभरावा भाग गुणिले पाच, म्हणजेच ०.०५ क्विंटल. १२.०५ गुणिले १,६०० बरोबर १९,२८०. व्यापाऱ्याचा हिशेब चोख होता. चूक माझ्या आज्ञावलीत होती.

मग प्रथमच मी आज्ञावलीच्या ओळी वाचल्या. मदतनीसाने सोपी युक्ती केली होती. आडवी रेघ काढून तिथे दशांशचिन्ह ठेवले होते. १२-३५ चे झाले १२.३५, ते बरोबर आले. पण १२-५ चे झाले १२.५, म्हणजे १२ क्विंटल ५० किलो! पाच किलोचे पन्नास किलो झाले. किलोच्या आकड्याला १०० ने भागून तो क्विंटलमध्ये मिळवायला हवा होता. चूक दुरुस्त करायला दोन ओळी पुरल्या. शोधायला मात्र माणसाला आधी शंका यावी लागली.

दहा किंवा त्याहून अधिक किलो असतील तर ही आज्ञावली बरोबर चालते. चुकते ती एक ते नऊ किलो असतील तेव्हाच. शंभरपैकी नव्वदहून अधिक वेळा बरोबर येणारे उत्तर हे नेहमी चुकणाऱ्या उत्तरापेक्षा जास्त घातक असते. कारण त्यावर आपला विश्वास बसलेला असतो.

यंत्र असे का चुकते?

हे मदतनीस कसे काम करतात, ते थोडक्यात पाहू. प्रचंड प्रमाणातला मजकूर आणि माणसांनी लिहिलेल्या असंख्य आज्ञावल्या वापरून त्यांना शिकवलेले असते. आतापर्यंतच्या मजकुरानंतर पुढे काय येण्याची शक्यता अधिक आहे, याचा अंदाज ते घेतात आणि तुकड्या-तुकड्याने उत्तर रचतात. जगात जे पुष्कळ वेळा लिहिले गेले आहे ते त्यांना उत्तम जमते. पण आमच्या घरच्या वहीची रीत जगातल्या कोणत्या पुस्तकात असणार? ती मी नीट सांगितली नाही, तेव्हा मदतनीसाने मोकळी जागा अंदाजाने भरली.

तुम्ही म्हणाल, ‘आजचे मदतनीस तर आज्ञावली स्वतः चालवून पाहतात, तपासण्याही स्वतःच लिहितात!’ खरे आहे, आणि त्याने पुष्कळ चुका पकडल्याही जातात. पण ज्याने ‘१२-५’ चा अर्थ १२.५ असा घेतला, तो तपासणी लिहितानाही तोच अर्थ धरून चालण्याचा संभव असतो. मग आज्ञावली आणि तपासणी यांचे एकमत होते आणि दोन्ही चुकतात. आपल्याच उत्तरपत्रिकेला आपणच गुण देण्यासारखे हे आहे. तपासणी बाहेरून यावी लागते.

मापांच्या घोटाळ्यात मोठमोठ्या संस्थाही सापडल्या आहेत. अमेरिकेच्या ‘नासा’ने मंगळाकडे पाठवलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी गमावले. पृथ्वीवरची एक आज्ञावली यानाला मिळालेल्या रेट्याचे आकडे पौंडाच्या मापात देत होती, आणि ते वापरणारे ते न्यूटनच्या मापातले समजत होते. दोन्हीकडचे गुणाकार-भागाकार बरोबर होते. चूक होती ती दोघांच्या समजुतीत. तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस नव्हता; ती चूक माणसांचीच होती. म्हणून यंत्राला दोष देऊन आपली सुटका होत नाही.

प्रश्नच अर्धवट असेल तर?

माझी दुसरी फजिती याहून बोधप्रद आहे. एका दिवशी तीन प्रतींचा कांदा विकला गेला होता. मोठा कांदा १० क्विंटल, भाव १,८०० रुपये. मध्यम ६ क्विंटल, भाव १,५००. आणि गोल्टी २ क्विंटल, भाव ९००. मी मदतनीसाला म्हटले, ‘त्या दिवसाचा सरासरी भाव दाखव.’ त्याने दाखवला १,४०० रुपये.

आता तुम्ही करून पाहा. तीन भावांची बेरीज ४,२००; तिला ३ ने भागले की १,४००. गणितात चूक नाही. पण शेतकऱ्याला हवी असलेली सरासरी ही नव्हे. त्याचे एकूण पैसे झाले १८,००० अधिक ९,००० अधिक १,८००, म्हणजे २८,८०० रुपये. एकूण वजन १८ क्विंटल. भागाकार केला तर क्विंटलला १,६०० रुपये पडले. पहिल्या सरासरीत दोन क्विंटल गोल्टीला दहा क्विंटल मोठ्या कांद्याइतकेच महत्त्व मिळाले, म्हणून ती दोनशे रुपयांनी खाली गेली. ‘या बाजारात आपल्याला भाव कमी मिळतो’ असे समजून एखादा शेतकरी पुढच्या वेळी भाडे खर्चून दूरच्या बाजारात गाडी नेईल. एका अर्धवट प्रश्नाची किंमत ही अशी पडू शकते.

येथे चूक कोणाची? मदतनीसाची नव्हे. ‘सरासरी’ म्हणजे मला नेमके काय हवे, याचा विचारच मी केला नव्हता. आज्ञावली स्वतःच्या हाताने लिहिली असती, तर ‘कशाला कशाने भागायचे?’ या ओळीपाशी मला थांबावेच लागले असते. यंत्राने ओळ लिहून दिली आणि माझे थांबणे वाचले. थांबणे वाचले म्हणजे विचार करणेही वाचले!

मला वाटते, सर्वांत मोठा धोका येथे आहे. आज्ञावली लिहिण्यातला कंटाळवाणा भाग म्हणजे विरामचिन्हे, कंस, आज्ञांची स्पेलिंगे. तो यंत्राने केला तर आनंदच आहे. पण त्याच्याबरोबर ‘मला नेमके काय हवे?’ हा प्रश्नही आपण यंत्राकडे सोपवून बसतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

कंपायलर आला तेव्हाही लोक असेच म्हणाले होते का?

‘सोयीचे काही आले की मोठी माणसे अशीच कुरकुर करतात,’ असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल. हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. १९५२ साली ग्रेस हॉपर या अमेरिकन गणितज्ञ बाईंनी आज्ञावलीचे तुकडे यंत्राकडूनच जोडून घेण्याची सोय केली. १९५७ साली जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फोरट्रान’ ही भाषा उपलब्ध केली आणि यंत्राच्या सांकेतिक आकड्यांऐवजी बीजगणितासारखी सूत्रे लिहिता येऊ लागली. यंत्राने केलेले भाषांतर माणसाच्या हातच्या कामाइतके चांगले असेल का, याविषयी तेव्हाही अनेकांना शंका होती. आज ती शंका कोणी घेत नाही. मग या नव्या मदतनीसांविषयी तरी का घ्यावी?

फरक असा आहे. फोरट्रानचा भाषांतरकार, म्हणजे कंपायलर, ठरलेल्या नियमांनी चालतो. तेच सूत्र दिले की भाषांतर तेच मिळते. शिवाय सूत्र लिहिणाऱ्याला ते नेमके लिहावेच लागते. नवा मदतनीस आपल्या बोलीभाषेतला ढोबळ मजकूर घेतो, आणि तोच मजकूर दोनदा दिला तर दोन निराळ्या आज्ञावल्या देऊ शकतो. कंपायलर भाषांतर करतो. मदतनीस अर्थ लावतो. आणि अर्थ लावणाऱ्याचे काम नेहमी तपासावे लागते.

तपासणीचे महत्त्व नेवासे परिसराला नवे नाही. ज्ञानेश्वरी नेवाशात सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असे परंपरा सांगते. पुढे तीनशे वर्षांच्या काळात नकलांवरून नकला होत गेल्या आणि त्यांत पाठभेद शिरले. तेव्हा १५८४ साली एकनाथांनी पोथ्या तपासून ग्रंथाची शुद्ध प्रत तयार केली. नकला करणारे भक्तिभावानेच लिहीत होते. तरीही ग्रंथ ज्याला समजला आहे अशा माणसाने बसून तो ओळीओळीने पाहण्याची गरज पडलीच.

घड्याळ लावून पाहा

आणखी एक गोष्ट. मदतनीसामुळे काम झटपट होते, असे आपल्याला वाटते. ते खरे की नुसते वाटणे? २०२५ साली ‘मीटर’ नावाच्या संशोधन संस्थेने १६ अनुभवी आज्ञावलीकारांवर याचा प्रयोग केला. त्यांच्या परिचयाच्या प्रकल्पांतली २४६ कामे घेतली आणि कोणत्या कामात मदतनीस वापरायचा व कोणत्यात नाही, हे यदृच्छेने ठरवले. प्रयोग संपल्यावर त्या लोकांचा अंदाज होता की मदतनीसामुळे आपला वेळ सुमारे २० टक्क्यांनी वाचला. मोजलेला वेळ सांगत होता की तो १९ टक्क्यांनी वाढला!

यावरून ‘मदतनीस निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढू नका. ती माणसे आपल्या कामात आधीच तरबेज होती, कामे मोठ्या प्रकल्पांतली होती, आणि साधने तेव्हाची होती. नवशिक्याचा छोट्या कामातला अनुभव निराळा असू शकतो. माझी पट्टीची आज्ञावली मला एरवी चार दिवस तरी लागली असती. यातून घ्यायचा धडा एवढाच की, आपले वाटणे म्हणजे मोजमाप नव्हे. अनुभवी माणसांचेही वाटणे फसते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने घड्याळ लावून पाहावे.

मग करायचे काय?

माझ्या मते नियम एकच पुरेसा आहे. आधी उत्तर, मग प्रश्न. मदतनीसाला काहीही मागण्यापूर्वी वहीत पाच-सहा उदाहरणे हाताने सोडवा. त्यांत साधी दोनच असू द्या; बाकीची मुद्दाम आडवळणी घ्या. माझ्या पट्टीसाठी आता मी अशी उदाहरणे ठेवतो: १२-३५, १२-५, १२-०, ०-८० आणि १२-१००. शेवटचे तर लिहिण्यातच चुकलेले आहे. शंभर किलो झाले की क्विंटल पूर्ण होतो. आज्ञावलीने ते निमूटपणे गिळू नये, ‘वजन पुन्हा पाहा’ असे सांगावे. माझ्या पहिल्या आज्ञावलीने ते १२.१ क्विंटल मानून रक्कमही काढून दिली असती!

या उदाहरणांचे दोन उपयोग होतात. एक, बाहेरून येणारी तपासणी तयार होते. दुसरा अधिक मोलाचा: हाताने सोडवताना आपल्याला काय हवे ते आपल्यालाच कळते. मग मदतनीसाला सांगताना शब्द नेमके येतात.

त्यापुढची पायरी म्हणजे आलेली आज्ञावली वाचणे. एखादी ओळ कळली नाही तर मदतनीसालाच विचारा. समजावून सांगण्यात तो मोठा धीराचा असतो, मराठीतही सांगतो. इंग्रजीच्या धास्तीने संगणकापासून दूर राहिलेल्या खेड्यातल्या मुलामुलींसाठी ही फार मोठी सोय आहे, आणि या एका गोष्टीसाठी मी या यंत्राचे मनापासून स्वागत करतो. मात्र त्याचे स्पष्टीकरणही चुकीचे असू शकते. म्हणून ओळीत एखादा आकडा बदलून काय होते ते स्वतः पाहा. जी ओळ तुम्ही मित्राला समजावून सांगू शकत नाही, ती अजून तुमची झालेली नाही.

एक सावधगिरीही हवी. हे मदतनीस बहुधा दूरवरच्या कंपन्यांच्या संगणकांवर चालतात. घरच्यांची नावे, बँकेचे खातेक्रमांक, फोन क्रमांक त्यांना देऊ नका. खोटी नावे घालूनही आज्ञावली तितकीच चांगली तपासता येते. अशा सेवांना वयाची अटही असते, तेव्हा घरातल्या मोठ्यांना किंवा शिक्षकांना विचारूनच वापरा.

‘हौसेसाठी एवढा खटाटोप कशाला?’ असे कोणी विचारील. हौसेच्या कामात चूक झाली तर कोणाचे नुकसान होत नाही, म्हणूनच चुका करून शिकायची ती जागा आहे. पण हौसेची वस्तू फार काळ हौसेची राहत नाही. माझी आज्ञावली पाहून शेजारच्या दोघांनी ती मागितली. त्या दिवशी १२-५ ची चूक मला सापडलेली नसती, तर ती तीन घरांत गेली असती आणि कदाचित एखाद्या प्रामाणिक व्यापाऱ्याशी विनाकारण भांडण झाले असते.

आज ती आज्ञावली माझी आहे असे मी म्हणतो. ओळी बहुतेक यंत्रानेच लिहिल्या आहेत. पण प्रत्येक ओळ का आहे ते मला सांगता येते आणि ती चुकली तर जबाबदारी माझी आहे.

या रविवारी तुम्हीही एक प्रयोग करा. दूधडेअरीचे बिल, शाळेच्या सहलीचा खर्च, क्रिकेटची धावसंख्या, काहीही निवडा. सहा उदाहरणे आधी हाताने सोडवा, त्यांतली दोन तरी अवघड असू द्या. मग मदतनीसाकडून आज्ञावली मागा आणि पाहा, सहापैकी किती बरोबर येतात. सहाही आली, तर सातवे उदाहरण शोधा.